चौदा नंबरचं पार्किंग

शृंगारपुरेंनी तिसरी चिठ्ठी वायपरखाली खोचली:
आपल्या वाहनामुळे नवीन पेव्हर ब्लॉक खराब होत आहेत.
सात दिवसांत बंदोबस्त करावा.
खाली सही, आणि सहीखाली उगाच एक रेघ.

तेव्हापासून मी जीपखाली पुठ्ठा टाकते,
फ्रिजच्या खोक्याचा, 'ही बाजू वर' छापलेला,
आणि सकाळी, चहाच्याही आधी,
उकिडवी बसून तो वाचते.
पुढचा काळा थेंब इंजिनाचा. तो जुना, घरचाच.
मधला मधाच्या रंगाचा, बोटाला चिकटणारा,
गंधकाच्या वासाचा. हा नवा.
हा ट्रान्सफर केसचा,
जिथून एक शाफ्ट पुढच्या चाकांकडे जातो
नि एक मागच्या.

भांडुपच्या गॅरेजवाल्याने सील बदललं.
महिन्याने पुन्हा बदललं.
तिसऱ्यांदा सिलिकॉन चोपडलं, जखमेवर हळद दाबावी तसं,
आणि म्हणाला, वनखात्याच्या लिलावातली गाडी, मॅडम,
विकून टाका.

विकली नाही.
कुर्ल्याला नेली, सीएसटी रोडला,
जिथे दारं एकीकडे विकतात, आरसे दुसरीकडे
आणि उलटून ठेवलेल्या गिअरबॉक्सवर बसून माणसं जेवतात.

परकारचाचांनी आधी पुठ्ठा मागितला.
मी नेला नव्हता.
"एक्सरे घरीच ठेवून आलीस, बाय?"

मग नियाजने जीपचं पोट डिझेलने धुतलं,
कोरडं पुसलं,
आणि लहान बाळाच्या पावडरचा अख्खा डबा
त्यावर उधळला.
कलिन्यापर्यंत जाऊन आलो.
सिग्नलला शेजारचा रिक्षावाला
वास घेत इकडेतिकडे बघत राहिला.

खड्ड्यात उतरून चाचा बोलत होते,
माझ्याशी की गाडीशी, कळत नव्हतं:
"तेल खोटारडं. वर सुटतं,
वाऱ्याने मागे सरतं, चॅसीच्या कडेकडेने चालतं,
आणि भलत्याच बोल्टवरून उडी मारतं.
जिथे थेंब पडतो
तिथे फक्त थेंब पडतो."

पांढऱ्या पावडरीत एकच ओली रेघ होती,
मागच्या सीलपासून निघालेली.
"सीलच आहे," नियाज म्हणाला.
"सीलच," मीही म्हणाले.
चाचांनी विचारलं, कितीदा बदललं?
तीनदा.
"मग सील नाय."

त्यांनी तेल भरायच्या तोंडाचा बोल्ट
अर्धा आटा सैल केला.
फुस्स.
इतका लांब सुस्कारा,
की समोरचा पत्रे ठोकणारा थांबला.

"हिला श्वास सोडता येत नाय.
गरम होते, आत फुगते,
मग जिथे नरम सापडेल तिथून
बाहेर पडते."

वरच्या अंगाला, हात जेमतेम पोचेल अशा जागी,
करंगळीएवढी पितळी तोटी, ब्रीदर.
तिचं भोक मातीने लिंपलेलं.
माती गुळगुळीत, ओल्या बोटाने फिरवल्यासारखी.
चाचांनी तारेने ती हळूच कोरली,
तळहातावर घेतली.
कुंभारमाशीचं घर.
आत सुकून गेलेले तीन बारके कोळी,
आणि कुणीच नाही.
सबंध हिवाळा जीप उभी होती,
तेव्हाचं.

सील बदललं, चौथ्यांदा, कारण ओठ उलटला होता.
ब्रीदरला रबरी नळी लावून
ती वर, बॉनेटच्या आत नेली, क्लिपने बांधली.
बिल सहाशे ऐंशी, त्यात पावडरचे नव्वद.
मातीचा तुकडा नियाजने फेकला नाही,
फळीवर, जेटच्या डबीशेजारी ठेवला.

सात दिवस झाले.
पुठ्ठ्यावर जुनेच डाग, कडा सुकलेल्या.
इंजिनाचा थेंब आहे. तो मी शृंगारपुरेंना सांगत नाही.

आज सकाळी खाली वाकले
तर एक माशी, बारीक कमरेची, निळसर काळी,
ट्रान्सफर केसभोवती फिरत होती.
तोंडात मातीची गोळी.
तोटी होती तिथे आता नळी,
नळीला पोकळी नाही, पाठ आहे.
ती पाठीवर बसली. चालली. उडाली. परत आली.

मी पुठ्ठा ओढून घेतला
आणि तिचं होईपर्यंत
गाडी सुरू केली नाही.